घाटात उकळते, सपाटीला गार राहते : आमच्या डिझेल कॅम्परचे तीन उन्हाळे

लक्षण आधी सांगते, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच की दुसरं, ते लगेच कळेल.

चिपळूणहून निघालो, पोफळी मागे पडली आणि कुंभार्ली घाट लागला की पहिले दोन-तीन किलोमीटर इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध निवांत. मग तो हलायला लागतो. मे महिना, दुपार, एसी चालू, गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर. घाट निम्मा सरतो तोवर काटा लाल पट्टीच्या तोंडाशी. एसी बंद करायचा, कडेला थांबायचं, वीस-पंचवीस मिनिटांनी काटा खाली. माथा ओलांडून कोयनानगरच्या बाजूला उतरलो की जणू काही झालंच नव्हतं. पुढे कऱ्हाड, मग हायवे, ऐंशीच्या वेगाने दोन-दोन तास चालवा, काटा ढिम्म.

गाडी म्हणजे चौदा आसनी डिझेल प्रवासी गाडीच्या खुर्च्या काढून बांधून घेतलेलं फिरतं घर. इंजिन पुढे, चार सिलिंडर, टर्बो. दोन पलंग, ओटा, फ्रीज, बॅटऱ्या, नव्वद लिटर पाणी आणि आम्ही दोघं धरून वजनकाट्यावर पावणेचार टन भरली. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. गाडी हे चालवतात आणि वही मी ठेवते. ही वही पुढे कामाला आली, पण फार उशिरा. आधी तीन उन्हाळे आम्ही पार्ट बदलण्यातच घालवले.

पहिल्या वर्षी रेडिएटरचं झाकण बदललं आणि थर्मोस्टॅट काढला. दुसऱ्या वर्षी वॉटर पंप नवा टाकला, हौज पाइप सगळे बदलले. तिसऱ्या वर्षी रेडिएटर उतरवून साफ करून आणला. दर वेळी गाडी बरी झाली आणि पुढच्या मेमध्ये त्याच घाटात परत उकळली. मेकॅनिक बदलून पाहिले. एकाने तर "मॅडम, घाटात सगळ्याच गाड्या गरम होतात," असं सांगून पाठवणी केली. होत नाहीत. आमच्या शेजारून भाजीचा टेम्पो दोन टन माल घेऊन कांद्यासकट वर जात होता.

गरम कधी होते, ते आधी लिहा

"गाडी गरम होते" एवढं सांगून काही कळत नाही. ताप आला म्हटल्यावर डॉक्टर विचारतातच की नाही, सकाळी येतो की संध्याकाळी, थंडी वाजून येतो का? तसंच हे.

उभ्या गाडीत, सिग्नलला किंवा टोलच्या रांगेत काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, तर संशय पंख्यावर. गाडी पळते तेव्हा वारा आपोआप मिळतो, उभी असते तेव्हा तो पंख्यानेच ओढायचा असतो. पंख्याचा बेल्ट सैल असेल, व्हिस्कस फॅन (दाट तेलाच्या क्लचवर फिरणारा पंखा) असेल तर त्याचा क्लच गेला असेल, इलेक्ट्रिक पंखा असेल तर त्याचा रिले किंवा फ्यूज गेला असेल. व्हिस्कस क्लच तपासायची साधी रीत आहे. इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा आणि पंखा हाताने फिरवा. थोडा जड लागला पाहिजे, आणि इंजिन तापलेलं असताना आणखी जड. भिंगरीसारखा चार-पाच फेऱ्या फिरत राहिला तर क्लच संपला. त्याच्या तोंडाशी तेलकट ओघळ दिसले तर आतलं सिलिकॉनचं तेल बाहेर आलंय.

हायवेवर सतत वेगाने चालवताना चढतो आणि हळू केलं की उतरतो, तर पाण्याचा प्रवाह अडतोय. रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजल्यात, पंपाची पाती झिजलीत, किंवा खालचा हौज पाइप पंपाच्या ओढीने आत चेपतोय. हा शेवटचा प्रकार गॅरेजमध्ये कधीच दिसत नाही, कारण उभ्या गाडीत पाइप फुगलेलाच असतो. रेस वाढवून बघावं लागतं.

सकाळी गार इंजिन चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा हौज दगडासारखा कडक होतो, कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीत बुडबुडे येतात, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं डोकं (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधली सीलची पट्टी. त्याबद्दल शेवटी.

आणि आमच्यासारखं, फक्त चढावर, फक्त भर उन्हात? तिथे सगळी यंत्रणा चालू असते, पण थोडी-थोडी कमी पडते. सपाटीला इंजिन अर्ध्या ताकदीने चालतं म्हणून उणीव झाकली जाते. चढावर पूर्ण ताकद लागते, वेग तीसवर आल्याने समोरून वारा मिळत नाही, एसीचा कंडेन्सर त्याच वाऱ्याला आधीच तापवतो, आणि मग उणीव उघडी पडते. हे दुखणं शोधायला सर्वांत अवघड, कारण एकही पार्ट खराब सापडत नाही.

आत्ता घाटात अडकला असाल तर

एसी बंद. केबिनचा हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. घाम निघेल, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे, तो आपल्या वाट्याची उष्णता उचलतो. गिअर एक खाली घ्या. पुष्कळ जण उलटं करतात, वरच्या गिअरवर इंजिन कुंथत ठेवतात. कमी आरपीएमला पंप आणि पंखा दोन्ही हळू फिरतात आणि इंजिनावर ताण मात्र तेवढाच. आमची गाडी घाटात २२००च्या आसपास गार राहते, १४००ला तापते.

तरी काटा चढत राहिला तर जागा बघून थांबा. पाणी वाहत नसेल, वाफ दिसत नसेल तर इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. तापलेलं इंजिन लगेच बंद केलं की पंप थांबतो आणि हेडमधली उष्णता तिथेच कोंडते, टर्बोलाही ते चांगलं नाही. पण पाणी सांडलेलं दिसलं किंवा वाफेचा लोट आला तर मात्र ताबडतोब बंद.

एक धोका फार जणांना माहीत नसतो. लाल पट्टीत गेलेला काटा अचानक, आपला आपण, झपकन खाली आला तर सुटलो म्हणून हायसं वाटून घेऊ नका. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी खाली गेलं की तो रिकाम्या वाफेत लोंबकळतो आणि वाटेल ते दाखवतो. ते दिसताच इंजिन बंद करायचं.

झाकण उघडू नका. अर्धा तास, फडकं टाकून, हौज पाइप दाबून मऊ लागल्यावरच. आणि तापलेल्या इंजिनवर बाहेरून थंड पाण्याची बादली ओतू नका. एस.टी.च्या जुन्या गाड्यांना स्टँडवर झारीने पाणी घालताना आपण पाहिलंय, ते इंजिन चालू ठेवून, रेडिएटरमध्ये, हळूहळू. कोरड्या पडलेल्या गरम हेडवर गार पाणी पडलं की हेडला तडा जातो.

"वॉल काढून टाका, आपल्याकडे गरज नाही"

पहिल्या उन्हाळ्यातला हा सल्ला आम्ही भक्तिभावाने ऐकला. थर्मोस्टॅटला आपल्याकडे सगळे वॉल म्हणतात, आणि तो थंड देशांसाठी असतो अशी दृढ समजूत आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या डबीवर चालणारी झडप. त्यावर आकडा छापलेला असतो, आमच्याकडे ८२. पाणी ८२ अंशांना पोचलं की मेण फुगायला लागतं, झडप उघडते, पाणी रेडिएटरकडे निघतं. तोवर ते इंजिनातल्या इंजिनात एका आडवाटेने फिरत राहतं. आता गंमत अशी की बऱ्याच डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅटला खालून दुसरी तबकडी असते. वरची झडप उघडते तशी ही तबकडी आडवाट बंद करत जाते, म्हणजे गरम झाल्यावर सगळं पाणी रेडिएटरमधूनच जावं. तुम्ही थर्मोस्टॅट काढलात की आडवाट कायम उघडी. पाणी सोपा रस्ता धरतं. त्यातलं बरंचसं रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात येतं. म्हणजे ज्या घाटासाठी काढलं, त्याच घाटात गाडी जास्त तापणार, आणि हिवाळ्यात पहाटे निघालात तर इंजिन तासभर गारठलेलं. गार इंजिन डिझेल जास्त पितं आणि लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, लवकर झिजवतं.

जुना वॉल खराब आहे की नाही ते स्वयंपाकघरात कळतं. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याला बांधून वॉल आणि साखरेच्या पाकाचा थर्मामीटर. दोन्ही तळाला टेकू द्यायचे नाहीत. छापील आकड्याच्या आसपास फट दिसायला लागली पाहिजे आणि पाणी उकळायच्या आत चांगला आठ-दहा मिलिमीटर उघडला पाहिजे. आमचा काढून ठेवलेला वॉल मी दोन वर्षांनी असा उकळून पाहिला. ठणठणीत होता. ते पातेलं नंतर दुधाला वापरलं नाही, एवढं सांगून ठेवते.

आठ आणे पावसाला, आठ आणे मेकॅनिकला

दर वेळी गाडी बरी का होत होती, याचं उत्तर वहीत पडलेलं होतं. दुरुस्तीच्या तारखा बघा : १० जून, २८ मे, ६ जून. दुरुस्ती व्हायची आणि पाऊस सुरू व्हायचा.

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो, हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी १०० अंशांवर आहे असं धरू. मेच्या दुपारी हवा ३८ असेल तर फरक ६२. ऑगस्टात हवा २४ असेल तर फरक ७६. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, काहीही न बदलता जवळजवळ सव्वापट उष्णता टाकतो. वीस टक्क्यांची उणीव पावसाळ्यात पूर्ण झाकली जाते. आम्ही श्रेय दिलं वॉटर पंपाला.

हे कळल्यावर आम्ही ठरवलं, आता जो काही बदल करायचा त्याची परीक्षा त्याच घाटात, उन्हाळ्यातच, दुपारी एक ते तीनमध्ये, एसी चालू ठेवून. एका वेळी एकच बदल. काट्यावर विश्वास नाही, कारण आजकालच्या गाड्यांत काटा मुद्दामच मधल्या टप्प्यात हलत नाही. ८० काय आणि ९८ काय, तो मधोमधच बसतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या संगणकाची माहिती देणारं, सॉकेट असतं, तिथे लावायचं छोटं यंत्र घेतलं. ते मोबाइलवर खरा आकडा दाखवतं. घाटातल्या पाच ठिकाणच्या नोंदी ठरवल्या : पायथा, दोन वळणं, एक देऊळ, माथा.

इन्फ्रारेड थर्मामीटरही आणला. करोनात घरोघरी आलेली कपाळाची पिस्तुलं इथे चालत नाहीत, ती चाळिसाच्या पुढे हात टेकतात. कारखान्यात वापरायचा वेगळा मिळतो. तो रबरी हौजवर धरायचा, चकचकीत ॲल्युमिनियमवर धरला तर आकडा खोटा, कमी येतो. रेडिएटरच्या जाळीवर तो फिरवला की बुजलेल्या नळ्यांचा गार पट्टा सापडतो. आमच्या जाळीवर गार पट्टा नव्हता. म्हणजे पाणी सगळीकडे जात होतं. मग?

बॅटरी आणि रुईच्या म्हाताऱ्या

कऱ्हाडात एक वयस्क रेडिएटरवाले आहेत. तिसऱ्या वर्षी रेडिएटर त्यांच्याकडेच नेला होता, तेव्हा आम्ही सुटा रेडिएटर घेऊन गेलो होतो. चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये गाडीच घेऊन गेलो. त्यांनी पाण्याला हातही लावला नाही. पुढचा बंपर आणि जाळी काढायला सांगितली आणि ह्यांना म्हणाले, "साहेब, इंजिनाच्या बाजूने बॅटरी मारा." दिवस मावळला होता. ह्यांनी मागून टॉर्च धरला. आम्ही पुढून बघत होतो. उजेड दिसला तो फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यात, तळहाताएवढा.

"ताई, पाण्याकडं सगळ्यांचं लक्ष. वाऱ्याकडं कोण बघतंय?"

समोरून बघितलं तर एसीचा कंडेन्सर स्वच्छ होता. कंडेन्सरच्या मागे इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी), त्याच्या मागे रेडिएटर. तीन जाळ्या एकामागे एक, मधे बोट जाईल एवढी फट. कचरा बसतो तो त्या फटीत. कंडेन्सरचे दोन बोल्ट काढून तो पुढे झुकवला, गॅसचे पाइप न सोडता, आणि इंटरकूलर उतरवला. त्याच्यामागे नमदा निघाला. खराखुरा, हाताने सोलून काढता येईल असा. उसाच्या पाचटाचे तुकडे, फडाच्या जाळाची काजळी, पाखरांचे पंख आणि हे सगळं विणून ठेवणाऱ्या रुईच्या म्हाताऱ्या. उन्हाळ्यात हायवेला त्या उडतच असतात, जाळीत शिरतात आणि पुढच्या जाळीला अडकतात. त्यावर टर्बोच्या हौजमधून पाझरलेल्या तेलाचा हलका हात. धूळ चिकटायला तेवढं पुरतं.

म्हणजे तिसऱ्या वर्षी रेडिएटर उतरवला तेव्हा तो स्वच्छ होऊनच परत आला होता. इंटरकूलरची पाठ कुणी पाहिली नव्हती.

धुण्याची पद्धत महत्त्वाची आहे, कारण सर्व्हिस सेंटरवाला पहिल्यांदा प्रेशरचा पाइप घेऊन समोरून मारायला धावतो. समोरून मारलं की कचरा आणखी आत जातो, आणि जवळून मारलं की ॲल्युमिनियमची पातळ पाती आडवी होतात, मग वारा कायमचाच बंद. इंजिन पूर्ण गार असताना, मागून पुढे, म्हणजे वारा ज्या दिशेने आत येतो त्याच्या उलट, बागेच्या नळीच्या दाबाने. तेलकट असेल तर आधी सौम्य डीग्रीझर फवारून पंधरा मिनिटं भिजू द्या. ॲसिड नको, कॉस्टिक तर अजिबात नको. जुन्या पितळी रेडिएटरला कॉस्टिकच्या कढईत उकळायची चाल होती. ॲल्युमिनियमचा रेडिएटर त्यात घातला तर विरघळतो. नव्या गाड्यांत जाळी ॲल्युमिनियमची आणि वरखाली प्लास्टिकच्या टाक्या असतात, त्यात सळई घालून नळ्या मोकळ्या करणंही जमत नाही. तो बुजला की बदलायचाच.

रेडिएटरवाल्या काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला जास्त लागली, कारण ती आम्ही पैसे देऊन करून घेतली होती. रेडिएटरच्या दोन्ही कडांना फोमच्या पट्ट्या असतात. समोरून आलेल्या वाऱ्याने जाळीतूनच जावं, बाजूने निसटू नये, म्हणून. कॅम्पर बांधताना पुढचा भाग उघडला होता तेव्हा त्या पट्ट्या निघाल्या, परत लागल्या नाहीत. शिवाय जाळीपुढे हौसेने लावलेला एलईडीचा लांब बार, आणि पंख्याभोवतीच्या काउलची खालची कड तुटलेली. वारा आळशी असतो. बाजूने वाट मिळाली तर तो तीन जाळ्या ओलांडायचे कष्ट घेत नाही. पंखाही मग इंजिनाकडचीच गरम हवा कडेने ओढून पुन्हा पुन्हा घुसळतो.

फोमची पट्टी मीटरवर मिळते. काउल प्लास्टिक वेल्डिंगने जोडली. एलईडी बार टपावर गेला.

माझी एक जुनी विद्यार्थिनी अमेरिकेत असते, तिच्याकडे मागे इंजिन असलेलं मोठं डिझेल मोटरहोम आहे. तिला हे कळवलं तर ती म्हणाली, मॅडम, इथे तर हे घरोघरचं. त्या गाड्यांचा रेडिएटर बऱ्याचदा मागच्या टोकाला असतो, चाकांनी उडवलेली सगळी धूळ त्याच्यावर, आणि इंजिनाच्या ब्रीदरची नळी पंख्यापुढेच तेलाची वाफ सोडते. इंटरकूलर आणि रेडिएटरमधला तोच नमदा, फक्त उसाचं पाचट नाही. तिकडे लोक ब्रीदरची नळी लांबवून पंख्याच्या मागे नेतात.

पलंगाखालची गुडगुड

वाऱ्याचं काम केल्यावर त्याच घाटात, २ मेला, दुपारी दीडला, माथ्यावर ९९ अंश आले. आदल्या वर्षी लाल पट्टीत होतो. पण मधेच एकदा आकडा ९४ वरून १०३ वर उडाला आणि खाली आला. हे वेगळं होतं. सोबत पलंगाखाली गुडगुड, आणि हीटर लावला तर क्षणभर गार वारा.

ही व्याधी फक्त कॅम्परवाल्यांची. अंघोळीच्या गरम पाण्यासाठी इंजिनाचं कूलंट मागच्या टाकीतल्या गुंडाळीतून फिरवतात, डिझेल न जाळता गरम पाणी मिळतं. सोय उत्तम आहे, पण तिचे पाइप नेताना बांधणाऱ्याने ते मागच्या चाकाच्या कमानीवरून नेले होते. ती जागा रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंच. यंत्रणा उघडून भरली की हवा सगळ्यांत उंच जागी जाऊन बसते, आणि तिला तिथून निघायला वाटच नाही. चढावर गाडीचं नाक वर झालं की तो बुडबुडा सरकतो, पंपात शिरतो, आणि पंप हवा ढकलू शकत नाही. दर दुरुस्तीत आम्ही यंत्रणा उघडत होतो, म्हणजे दर वेळी नवी हवा आत भरत होतो.

पाइप चासीखालून नेले, उंच राहिला त्या बिंदूला हवा सोडायचा निपल बसवला आणि दोन बॉल व्हॉल्व्ह लावले, उन्हाळ्यात अंघोळीला गरम पाणी नकोच असतं तेव्हा ती शाखा बंद. कूलंट भरताना गाडीचं नाक चढावर उभं करायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, हळूहळू ओतायचं, निपलमधून बुडबुडे न येता सलग धार आली की बंद करायचं. नंतरचे दोन-तीन दिवस सकाळी गार असताना बाटली बघायची. पातळी थोडी उतरते ती गळतीने नाही, उरलेली हवा निघाल्याने.

पाणी कुठलं

आमच्याकडच्या बोअरचं पाणी बादलीला पांढरी कड आणतं. ते इंजिनात घातलं तर तीच कड लायनरभोवती आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसते. घाटात कुणी देवासारखा धावून येऊन पाण्याचा कॅन दिला तर घ्याच, पण घरी आल्यावर ते काढून डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यातलं कूलंट भरा. दुकानात तयार मिसळलेलं आणि घट्ट असं दोन्ही मिळतं, घट्ट असेल तर निम्मं-निम्मं करा.

कूलंटचं काम फक्त गोठू न देणं, असं समजून कोकणात कशाला हवं म्हणणारे भेटतात. निम्मं-निम्मं मिश्रण समुद्रसपाटीला साधारण १०८ अंशांना उकळतं, नुसतं पाणी १०० ला. त्यावर झाकणाचा दाब. आमच्या झाकणावर ०.९ बार लिहिलंय, तेवढ्या दाबाने नुसतं पाणीही ११८च्या आसपास जाऊन उकळतं. म्हणजे झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर तुमच्या हातातले अठरा अंश गेले. झाकणात दुसरी छोटी उलटी झडपही असते, गार होताना बाटलीतलं पाणी परत आत घेणारी. ती चिकटली की सकाळी वरचा हौज चेपटलेला दिसतो. तीनशे-चारशे रुपयांत हा प्रश्न सुटतो, पण आकडा तोच घ्या, "जास्त दाबाचं बसवा" हा सल्ला ऐकू नका, सर्वांत कमजोर हौज आधी फुटेल. काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, दाबाचं झाकण बाटलीवर असतं. तिथेही नियम तोच.

लडाखला जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. लेह ३५०० मीटरवर, तिथे नुसतं पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकण बाहेरच्या दाबावर आपले ०.९ बार चढवतं, पण बाहेरचाच दाब कमी. हवाही विरळ, म्हणजे जाळीतून तेवढ्याच वाऱ्यात उष्णता कमी जाते. थंड आहे म्हणून गाडी तापणार नाही, या भरवशावर राहू नका.

हिरवं, गुलाबी, निळं या रंगांवर भुलू नका. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो, जात डब्याच्या मागे लिहिलेली असते. दोन जाती एकत्र केल्या तर गंजापासून राखण करणारी रसायनं लवकर संपतात, कधीकधी गाळ तयार होतो. जड डिझेल इंजिनात ती रसायनं संपणं महागात पडतं. लायनर कंपनाने थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगावर पाण्याचे सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात आणि लोखंडात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतात. पुढे एक दिवस खड्डा आरपार.

हे सगळं करूनही पाणी कमी होतंय?

मग गळती शोधा. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून झाकणावरच्या आकड्याएवढा दाब द्यायचा आणि गार इंजिन रात्रभर तसंच ठेवायचं. काही गळत्या फक्त गारच असताना होतात, तापल्यावर धातू फुगून त्या बंद पडतात. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, तिथे वाळलेल्या कूलंटचा रंगीत ओघळ दिसला तर सील गेलं. भोक बुजवू नका, तो इशारा द्यायलाच ठेवलेला असतो.

बाहेर कुठेच थेंब नाही, तरी आठवड्याला अर्धा लिटर कमी? बीएस-४ या प्रदूषण-नियमानंतरच्या डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत पाठवला जाणारा धूर गार करणारा भाग, तपासून घ्या. तो आतून चिरला की कूलंट थेट जळतं, सायलेन्सरमधून गोडसर वासाची पांढरी वाफ येते, आणि नव्वद टक्के मेकॅनिक हेड गॅस्केट सांगून मोकळे होतात. गॅस्केटची खात्री हेड उघडायच्या आधी होते. बाटलीवर धरायची काचेची नळी आणि त्यातलं निळं द्रावण मिळतं, जळलेला वायू पाण्यात येत असेल तर त्याचा रंग पालटतो. ऑइलची काडी काढून बघा, ताकासारखं दिसलं तर गाडी चालू करू नका, टो करून न्या.

आमची आताची नोंद : यंदाच्या मेमध्ये, तोच घाट, दुपारी दोन वाजता, एसी चालू, बाहेर ३७. पायथ्याला ८७, देवळाशी ९५, माथ्यावर ९६. इंटरकूलरमागे बॅटरी मारायचं काम आता वर्षातून दोनदा, संक्रांतीनंतर उसाचा हंगाम ऐन भरात असताना एकदा आणि रुईची बोंडं फुटून गेल्यावर एकदा. दुसऱ्या वेळचा उजेड ह्यांनीच बघितला. पूर्ण जाळी दिसली, फक्त खालच्या कोपऱ्यात एक फुलपाखरू अडकलं होतं.